तळाचा ठाव

नदीच्या तळाला शिसे टेकले म्हणजे दोरीतून बोटांपर्यंत जो एक सूक्ष्म धक्का येऊन पोहोचतो, त्या धक्क्याची भाषा शिकण्यात माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे गेली. आणि ती भाषा मी कचेरीत शिकलो नाही, आपट्याच्या खालच्या अंगाला पाताळगंगेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्या एका वृद्ध आगरी गृहस्थांच्या शेजारी मांडी घालून शिकलो. त्यांचे हे ऋण सरकारी दफ्तरात नोंदविण्याची सोय नव्हती. ते येथे नोंदवीत आहे.

१९७५ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी जलमापनाच्या कामावर पनवेलास रुजू झालो, तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव पुढे १९८१ पासून कागदोपत्री चढले. पनवेल त्या काळी महामार्गाच्या काठचे, तळ्यांचे आणि जुन्या वाड्यांचे मध्यम आकाराचे गाव होते. १८५२ साली स्थापन झालेल्या आपल्या नगरपालिकेचा त्याला सार्थ अभिमान होता, आणि आगगाडी बोरघाट चढून जाण्यापूर्वीच्या काळात मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी जलमार्गाने पनवेलच्या बंदरात उतरून तेथून घाटाची वाट धरीत असे, ही आठवण वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात अद्याप येत असे. बंदर मात्र गाळाने भरत आले होते. ज्या खाडीने हे गाव वाढविले तिचा तळ हळूहळू वर येत आहे, या गोष्टीचा माझ्या कामाशी किती निकटचा संबंध आहे, हे मला तेव्हा उमगलेले नव्हते.

काम सांगावयास सोपे होते. गाढी, काळुंद्री, पाताळगंगा या नद्यांवर ठरावीक ठिकाणी रोवलेल्या मोजपट्ट्यांवरून पाण्याची पातळी वाचावयाची, ती नोंदवहीत लिहावयाची, आणि नेमून दिलेल्या दिवशी नदीच्या पात्राचा आडवा छेद घ्यावयाचा. छेद घेण्यासाठी या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणून त्याच्या आधाराने होडी पुढे सरकवीत न्यावी लागे, आणि दर पाच मीटरांवर ओळंबा सोडून खोली मोजावी लागे. आमचा ओळंबा शिशाचा, चांगला वजनदार होता. त्याच्या बुडाशी एक खोबण होती आणि तीत चरबी भरून सोडल्यास तळाची वाळू, माती किंवा शिंपल्यांचा चुरा तीस चिकटून वर येत असे. नोंदवहीत खोलीसाठी रकाना होता, वेगासाठी रकाना होता, परंतु तळ कशाचा आहे यासाठी फक्त ‘शेरा’ एवढी अरुंद जागा होती. बहुतेक नोंदींत ती कोरीच राही. आरंभीची दोन वर्षे मीही ती कोरीच ठेवली.

आपट्यास मी गाडीने जात असे. स्थानकापासून नदीकडे पायी जावयाचे, होडीवाला येईपर्यंत काठावर थांबावयाचे, आणि होडीवाल्यास नेहमी उशीर व्हावयाचा, असा क्रम असे. त्या थांबण्याच्या वेळात मी त्या वृद्धांना प्रथम पाहिले. गावातली पोरेबाळे त्यांना आजा म्हणत. पुढे मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्याजवळ काठी नव्हती. एका रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, कमरेला विळी, ओल्या फडक्यात झाकलेली जिवंत कोळंबी, आणि काठावरून वेचून घेतलेले लांबट, गुळगुळीत दगड, एवढीच त्यांची सामग्री होती. गळ टाकणारी माणसे मी लहानपणापासून पाहिलेली होती. त्यांच्या दोरीच्या शेवटी गळ असे आणि शिसे त्याच्या वर, वीतभर अंतरावर बांधलेले असे. आजांची मांडणी नेमकी उलटी होती. दोरीच्या टोकाला दगड, आणि गळ त्याच्या वर एक हातभर उंचीवर, दोरीलाच अशा गाठीने बसविलेला की त्याचे टोक बाजूला आडवे आणि किंचित वर पाहत राही.

मी कारण विचारले. त्यांनी माझ्या ओळंब्याकडे बोट केले आणि म्हणाले, “सायेब, तुमी पानी मोजताव, आमी पान्याखालची जमीन मोजताव. दगर तलाला बसला का हाताला समजतं खाली काय हाय. मंग मासा कुटं बसल त्ये समजतं.” आणि थोडे थांबून म्हणाले, “मासा तलाला असतो, पन बघतो वर.”

या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला माझ्याच यंत्राने समजावून दिला. प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी आमच्याकडे वाट्यांचे एक चक्र होते. ते ठरावीक खोलीवर धरले की पाण्याच्या रेट्याने फिरे आणि त्याच्या फेऱ्या मोजून वेग काढता येई. शिरस्ता असा की पाणी उथळ असल्यास पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर एकच मोजणी घ्यावी, आणि पाणी खोल असल्यास दोन दशांश व आठ दशांश अशा दोन ठिकाणी घेऊन त्यांची सरासरी काढावी, कारण नदीचा वेग वरपासून खालपर्यंत सारखा नसतो. पृष्ठभागालगत तो अधिक असतो, आणि तळाचे खडबडीतपण पाण्यास अडवीत असल्यामुळे तळाशी जाता जाता तो मंदावत जातो. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. परंतु आजांचे वाक्य ऐकल्यावर एके दिवशी शिरस्ता सोडून चक्र अगदी तळाजवळ, वीतभर उंचीवर धरून पाहिले, तेव्हा वर वेगाने फिरणारे ते चक्र तेथे आळसावल्यासारखे फिरत होते, आणि एका बुडालेल्या खडकाच्या मागे तर ते जवळजवळ थांबले. जेथे चक्र थांबत होते तेथेच आजा दगड बसवीत असत. मासा शक्तीचा काटकसरी असतो. मंद पाण्याच्या त्या पातळ थरात तो प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो, आणि वरच्या वेगवान पाण्याबरोबर वाहत येणारे भक्ष्य हेरून क्षणभर वर झेपावतो व पुन्हा खाली येतो. ज्याचा गळ तळाच्या चिखलात लोळतो, त्याचे आमिष माशाच्या नजरेखाली जाते. ज्याचा गळ तरंगतो, त्याचे आमिष वेगात निघून जाते. दगड खाली आणि गळ हातभर वर, यातच या विद्येचे सारे मर्म आहे.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी होडीवाला उशिरा यावा अशी इच्छा धरीत असे. आजांनी मला प्रथम गळ दिलाच नाही. नुसती दोरी आणि नुसता दगड हाती दिला, आणि डोळे मिटून तळ ओळखावयास सांगितले. रेतीवर दगड टेकला की हाताला एक मऊ, परंतु स्पष्ट थांबा जाणवतो, आणि दोरी किंचित ओढली की बारीक सरसर बोटांत येते. गोट्यांवर तो ठकठक करीत एकेका फटीत पडतो. कातळावर टेकला तर धक्का कोरडा आणि छोटा असतो, आणि दगड लगेच प्रवाहाबरोबर घसरू लागतो. कालवांच्या खडकावर दोरीला करवतीसारखी कुरकुर जाणवते, आणि तेथे अधिक वेळ ठेवल्यास तंगूस तुटतो. चिखल मात्र अगदी वेगळा. तेथे धक्का येतच नाही. दगड केव्हा टेकला हे समजण्यापूर्वीच तो आत गेलेला असतो, आणि ओढताना आधी जड लागून मग एकदम सुटतो. हे पाच-सहा भेद ओळखावयास मला एक संपूर्ण हिवाळा लागला. त्या हिवाळ्यापासून माझ्या नोंदवहीतली शेऱ्याची जागा भरू लागली.

दगड बांधण्याचीही एक रीत होती. मुख्य दोरी तंगुसाची, मजबूत. परंतु दगड तिला थेट न बांधता कच्च्या सुताच्या तुकड्याने बांधावयाचा, म्हणजे तो कपारीत अडकला तर झटक्याने सूत तुटते, दगड नदीचा नदीला परत जातो, आणि गळ, आमिष व कदाचित मासा आपल्या हाती राहतो. आजा शिसे वापरीत नसत. शिसे विकत घ्यावे लागते, दगड काठावर पडलेला असतो, एवढेच कारण ते सांगत. दुसरेही एक सबळ कारण होते, ते मला पुढे फार दूरच्या एका नदीवर समजले.

पाताळगंगेची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून त्या नदीवरची मासेमारी समजणार नाही. कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात व फाल्गुनात त्यांची डबकी उरतात. पाताळगंगा मात्र बारमाही वाहते. लोणावळ्याच्या परिसरात वळवण आदी ठिकाणी टाटांनी बांधलेल्या धरणांचे पाणी प्रचंड नळांतून, पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून, खोपोलीच्या वीजगृहात उतरते, आणि तेथली चक्रे फिरवून पाताळगंगेत येते. १९१५ पासून हा प्रकार अव्याहत चालू आहे. जे पाणी इंद्रायणी-भीमेच्या वाटेने पूर्वसमुद्रास जावयाचे, ते मुंबईचे दिवे लावून पश्चिमेकडे वळते. परिणाम असा की विजेची मागणी वाढली म्हणजे नदीला पाणी चढते, मागणी उतरली म्हणजे ते उतरते; आणि आकाशात ढगाचा लवलेश नसताना माझ्या मोजपट्टीवर पातळी चढलेली दिसे. वरून हे विजेचे पाणी आणि खालून समुद्राची भरती, अशा दोन भरत्या त्या टापूत एकमेकींस भेटतात.

समुद्राच्या भरतीचे गणित कोकणात सर्वांस ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीस सहाच्या सुमारास, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत आत जावे तसतशी ही वेळ मागे पडत जाते, आणि किती मागे पडते हे त्या त्या जागेवर बसूनच शिकावे लागते. आजांनी दोन्ही भरत्यांचा मेळ मनात पक्का बसविलेला होता. खालून येणारे खारे पाणी आणि वरून येणारे गोडे पाणी एकमेकांस थोपवून धरतात तेव्हा प्रवाह काही वेळ थबकतो. ओहोटी लागून तो पुन्हा सुरू होताना पहिला अर्धा तास, आणि त्यातही तो संध्याकाळचा असेल तर, हा जिताड्याचा वेळ.

जिताडा हा शब्द रायगड जिल्ह्यात उच्चारला की माणसांचे चेहरे बदलतात. पेण आणि अलिबाग तालुक्यांतल्या खारेपाटात पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्ले आणून गावतळ्यांत सोडण्याची आणि ती वाढविण्याची पद्धत जुनी आहे. घरी पाहुणा आला, लग्नकार्य निघाले, की तळ्यातला जिताडा काढला जातो. परंतु तळ्यातला जिताडा आणि वाहत्या नदीतला जिताडा यांत, पिंजऱ्यातल्या आणि रानातल्या पाखरात असावे तेवढे अंतर आहे. नदीतला जिताडा पुलाच्या खांबामागे, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी, खडकाच्या सावलीत दबा धरून असतो. संध्याकाळ गडद झाल्यावर आजांच्या कंदिलाचा उजेड पाण्यावर पडला, आणि काठाजवळच्या खोल पाण्यात दोन तांबूस निखारे लुकलुकले, तो क्षण मी विसरू शकत नाही. जिताड्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूस उजेड परतविणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात, गढूळ पाण्यातही त्यास इतर माशांपेक्षा अधिक दिसते. दिवस मावळताना लहान माशांची दृष्टी मंदावते आणि याची चालत राहते. त्याचा वेळ संध्याकाळचा का, याचे उत्तर त्या निखाऱ्यांत आहे.

आमिष कसे धरावे, याबाबत आजा फार काटेकोर होते. कोळंबी गळाला शेपटीकडून अशी लावावयाची की ती जिवंत राहावी व तिचे तोंड प्रवाहाकडे असावे. दगड तळाला टेकल्यावर दोरी ताठ करावयाची, पण ओढावयाची नाही. हात स्थिर. “हलवू नको, पानी हलवतंय,” असे ते म्हणत; आणि खरोखरच प्रवाह त्या आमिषास जी थरथर देतो ती माणसाच्या हाताला देता येणार नाही. जिताडा घास घेतो तेव्हा आधी काहीच जाणवत नाही. तळावरचा दगड एकाएकी हलका झाल्यासारखा वाटतो, आणि मग दोरी खांद्यापर्यंत ओढून नेणारा हिसका येतो. हलकेपणा हीच खूण. हिसक्याची वाट पाहणारा उशिरा जागा होतो.

१९७८ च्या ज्येष्ठात, मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, खाली, खारपाड्याच्या दिशेने एका वळणावर मी एकटाच बसलो असता तो हलकेपणा माझ्या बोटांना जाणवला. त्यानंतरचा अर्धा तास कसा गेला ते मला नीट सांगता येत नाही. तंगुसाने तर्जनी कापली होती, आणि दगडाचे सूत केव्हा तुटले ते कळलेही नाही. मासा काठाला लागला तेव्हा तो मीटरभराहून थोडा लांब आणि अकरा किलोंच्या आसपास भरला. त्याचे पोट तटतटीत होते. मी अतिशय आनंदात होतो. त्या भागात अधिकाऱ्यास जिताडा भेट देण्याची रीत जुनी होती. मी तो मासा दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या एका वरिष्ठांकडे पोहोचता केला. त्यांनी तो प्रेमाने स्वीकारला, आणि संध्याकाळी निरोप आला की आतली गाभोळी ताटभर निघाली.

हे मी आजांना मोठ्या अभिमानाने सांगितले. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “ती खाली चालली व्हती. समुंदराकडं.” एवढेच.

त्यांच्या म्हणण्याचा पूर्ण अर्थ मला काही वर्षांनी मत्स्यव्यवसाय खात्यातील एका स्नेह्याकडून कळला, आणि तो कळल्यापासून ती गाभोळी माझ्या मनातून गेलेली नाही. जिताडा हा जन्मतः मादी नसतो. तो आयुष्याचा पहिला भाग नर म्हणून जगतो, आणि साधारणतः सहा-आठ वर्षांचा होऊन मीटरभर लांबीच्या आसपास पोहोचला म्हणजे त्याच देहाची मादी होते. वाढ तो गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यात करतो, परंतु अंडी खारट पाण्यातच वाढू शकतात, म्हणून पावसाळ्याच्या आरंभी पूर्ण वाढलेले मासे खाडीच्या मुखाकडे उतरतात, आणि तेथे एकेक मादी लक्षावधी अंडी सोडते. मग भरतीबरोबर पिल्ले पुन्हा आत, खाजणांत आणि नद्यांत शिरतात. याचा अर्थ असा की नदीतला प्रत्येक फार मोठा जिताडा ही मादी असते, आणि ती त्या आकारास येण्याआधी कितीतरी वर्षे जाळी, गळ, आटलेले पाणी आणि गढूळलेले पाणी यांतून तरलेली असते. मी मारलेली मादी त्या वळणावरून समुद्राकडे निघालेली होती. वरिष्ठांचा दोष नाही. भेट माझी होती.

१९८१ च्या हिवाळ्यात आजा गेले. माझी बदली त्याच सुमारास घाटावर झाली, आणि पुढची चौदा-पंधरा वर्षे मी भीमेच्या खोऱ्यात काढली.

त्या वर्षांविषयी येथे सांगण्यासारखे थोडे आहे. परंतु निवृत्तीनंतर, २०१३ च्या शरद ऋतूत, मी काही महिने अमेरिकेत मिनेसोटा राज्यात कन्येकडे राहिलो, त्याविषयी सांगितले पाहिजे. तिचे घर मिनियापोलिसला, मिसिसिपी नदीपासून फार दूर नाही. मी रोज नदीकाठी फिरावयास जाई, आणि सेंट पॉलजवळ पाण्याची पातळी मोजण्याचे सरकारी ठाणे दिसले तेव्हा मला माझ्याच कचेरीचा कोणी सहकारी परमुलखात भेटावा तसे वाटले. जावयांच्या शेजारी राहणारे एक निवृत्त गृहस्थ वॉलआय नावाचा मासा धरावयास जात. हा मासा त्या राज्याने १९६५ साली आपला राज्यमासा म्हणून निवडला. त्याचे डोळे मोठे, दुधाळ काचेसारखे; आणि त्यांच्याही मागे उजेड परतविणारा थर असतो, म्हणून तोही संधिप्रकाशात आणि गढूळ पाण्यात शिकार करतो. मी त्यांच्याबरोबर फोर्ड धरणाच्या खालच्या अंगाला गेलो. त्यांनी पिशवीतून दोरी काढली, आणि माझा श्वास क्षणभर थांबला. दोरीच्या टोकाला वजन, आणि गळ त्याच्या वर हातभर, गाठीतून आडवा निघालेला.

या मांडणीस तिकडे ड्रॉप शॉट म्हणतात. तिचा उगम जपानात झाल्याचे सांगतात, आणि अमेरिकेतल्या मासेमारीच्या स्पर्धांतून ती विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे सर्वत्र पसरली. गाठीची कृतीही त्यांनी मला करून दाखविली: दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवावयाची, साधी गाठ मारून तिच्या फाशातून सबंध गळ काढावयाचा, गाठ आवळल्यावर उरलेले लांब टोक पुन्हा वरून नेढ्यात घालून खाली सोडावयाचे, म्हणजे गळ दोरीशी काटकोनात उभा राहतो. आजांची गाठ याहून थोडी निराळी होती, परंतु तिचा हेतू अक्षरशः हाच होता. वजन लांबट नळीसारखे होते, कारण गोल वजन दगडांच्या फटीत अडकते. आणि ते दोरीवर नुसते चिमटीत धरल्यासारखे बसविलेले होते, की अडकल्यास सुटून जावे. आजांच्या कच्च्या सुताचे काम तेथे तारेचा एक छोटा चिमटा करीत होता. जपानच्या आणि आपट्याच्या माणसांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. परंतु ज्याने वाहत्या नदीचा तळ हाताने चाचपला त्याला वजन खाली आणि गळ वर हेच सुचणार, कारण पाण्याचा वेग सगळीकडे तळाशीच मंदावतो.

वजन शिशाचे नव्हते, टंगस्टन नावाच्या दुसऱ्या जड धातूचे होते. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले की पाण्यात सुटलेल्या शिशाच्या गोळ्या लून नावाचे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात, आणि विषबाधेने मरतात. लून हा त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आजांचा दगड मला त्या वेळी पुन्हा आठवला.

सायंकाळी त्यांच्या गळास एक वॉलआय लागला, चांगला मोठा. त्यांनी तो पाण्यातच धरून गळ काढला, मला त्याचे डोळे दाखविले, आणि सोडून दिला. त्या धरणापासून हेस्टिंग्ज गावापर्यंतच्या टप्प्यात पकडलेला वॉलआय परत सोडलाच पाहिजे असा तेव्हा तेथील नियम होता. त्यांनी सांगितले की वॉलआयमध्येही मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. मी त्यांना खारपाड्याच्या वळणावरची हकिगत सांगितली. माझे इंग्रजी बेताचे आहे, तरीही ती त्यांना समजली.

आता पनवेलविषयी. १९९६ साली बदली होऊन मी परत आलो आणि त्याच जुन्या ठिकाणी, त्याच दोरावर, दर पाच मीटरांवर ओळंबा सोडला. पातळीच्या नोंदी जुन्या नोंदींशी बऱ्याच अंशी जुळत होत्या. वरून पाहणाऱ्यास नदी तीच होती. तळ मात्र तो नव्हता. ज्या छेदावर मी पूर्वी रेती, गोटे आणि कातळ असे शेरे लिहिले होते, तेथे रेती काढून नेल्याने खोल खड्डे झाले होते, आणि खड्ड्यांत असा गाळ बसला होता की ओळंबा टेकल्याचा धक्का हाताला येतच नसे. चरबीला चिकटून वर येणाऱ्या मातीस काळा रंग आणि तीव्र वास होता. गळवाले सांगत की माशाला रॉकेलचा वास येतो. मी शेऱ्यांचा तपशील काढून, जुन्या-नव्या छेदांच्या नकला जोडून एक टिपण वरिष्ठ कचेरीस सादर केले. त्याची पोच आली. उत्तर आले नाही.

त्यानंतरच्या काळात पनवेल परिसरातल्या पाण्याखालच्या जमिनीवर आणखी पुष्कळ घडले. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात गाढीचे पाणी गावात शिरले, तेव्हा नदीने आपली जुनी वाट पुन्हा मागितली असे मला वाटले. तीही तळ भरून वर आलेली वाट होती. नगरपालिकेची २०१६ साली महानगरपालिका झाली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि उलवे नदीचे पात्र वळविले गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा होता की नको, या वादात मी येथे शिरत नाही. मी आयुष्यभर मोजणी केली, आणि मोजणीदार म्हणून एवढेच सांगतो की पाण्याची पातळी कोणीही पट्टीवरून वाचू शकतो, पण तळाचा शेरा लिहिण्यासाठी कोणीतरी दोरी हातात धरून तेथे बसलेला असावा लागतो, आणि असे बसणारे लोक वेगाने कमी होत आहेत. गळवाल्या माणसाकडे आपण रिकामटेकडा म्हणून पाहतो. माझ्या मते तो त्या नदीचा शेवटचा दफ्तरदार आहे.

आजही जमेल तेव्हा मी आपट्यास जातो. गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, म्हणून काठावर एका ठरावीक दगडावरच बसतो. तेथे हल्ली तरुण मुले येतात, त्यांच्याजवळ उत्तम काठ्या, चक्रे आणि परदेशी आमिषे असतात, आणि त्यांतली काही मुले ड्रॉप शॉटही बांधतात. त्यांना पाहून मला मनापासून समाधान वाटते. त्यांना, आणि हा लेख वाचून कोणी संध्याकाळी पाताळगंगेवर जाणार असेल तर त्यास, माझी विनंती आहे. आधी नुसते वजन सोडून तळ ओळखा, आणि जेथे रेती लागेल ती जागा कोठे तरी लिहून ठेवा. शिसे बांधू नका. लांबट गोटा कच्च्या सुताने बांधा, अडकला तर सूत तुटू द्या. आणि हातभर लांबीचा जिताडा खुशाल घरी न्या, परंतु मीटरभराचा लागला तर ती मादी आहे हे ध्यानात ठेवा, तिला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा, आणि ज्येष्ठ-आषाढ असेल तर तिचे तोंड खारपाड्याकडे करून सोडा. ती त्याच दिशेला चाललेली असते.